औषधांची नावं आली कुठून? बडोदेकर मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावपुऱ्यातल्या मेडिकलमधली गोळ्यांची पट्टी आणि मांडवीजवळच्या गांधीकडची, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याकडची, सुंठ-पिंपळीची पुडी यांवरची नावं पुष्कळदा एकाच घराण्यातली निघतात. त्याबद्दल फार्मसीचे विद्यार्थी, शिक्षक आणि घरात गोळ्यांचा डबा सांभाळणारे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रसायनांची इतकी नावं ‘अल’नंच का सुरू होतात?

‘अल’ हा अरबी भाषेत नामाच्या आधी लागणारा निश्चयदर्शक शब्द. बाराव्या शतकात स्पेनमध्ये, विशेषतः टोलेडो शहरात, अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, तेव्हा भाषांतरकारांनी ‘अल’ सोडवून न घेता शब्दासकट उचलला. ‘अल-क़ली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख, तिची झाली अल्कली. ‘अल-किमिया’ची झाली अल्केमी, आणि तोच शब्द फारसीतून आपल्याकडे ‘किमया’ होऊन आला. ‘अल-इक्सीर’ म्हणजे एलिक्सिर. त्याच्या मागे ग्रीक ‘झेरिऑन’ आहे, म्हणजे जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. आज एलिक्सिर लिहिलेल्या बाटलीत पातळ औषध असतं, हा त्या शब्दाचा शंभर टक्के पालट.

पण ‘अल’ दिसलं की अरबी, असं धरू नका. अ‍ॅल्युमिनियम लॅटिन ‘अल्युमेन’वरून, म्हणजे तुरटीवरून आलं. अल्ब्युमिन लॅटिन ‘आल्बुस’वरून, म्हणजे पांढऱ्यावरून. गाउट या सांध्यांच्या आजारावरच्या अ‍ॅलोप्युरिनॉलमधलं ‘अ‍ॅलो’ ग्रीक, अर्थ ‘दुसरा’.

२. अल्कोहोल म्हणजे मुळात डोळ्यात घालायचा सुरमा, हे खरं का?

खरं. अरबी ‘अल-कुह्ल’ म्हणजे डोळ्यात घालायची अगदी बारीक काळी पूड, बहुतेक अँटिमनीच्या खनिजाची. युरोपात आधी ती पूड, मग कोणतीही वस्त्रगाळ पूड, मग कोणत्याही पदार्थाचा शुद्ध केलेला गाभा, असा अर्थ सरकत गेला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या युरोपीय वैद्यानं वाइनच्या अर्काला ‘अल्कोहोल विनी’ म्हटलं. पुढे ‘विनी’ गळलं आणि दारूचा अर्क तेवढा उरला.

सुरम्याचं ग्रीक-लॅटिन नाव ‘स्टिबियम’. त्यावरून अँटिमनीचं चिन्ह ‘एसबी’ झालं. काळ्या आजारावरच्या सोडियम स्टिबोग्लुकोनेट या इंजेक्शनात आणि उपेंद्रनाथ ब्रह्मचारींच्या यूरिया स्टिबामाइनमध्ये तेच ‘स्टिब’ आहे.

३. आपल्या बडोद्यात ‘अलेम्बिक’ हे नाव रस्त्यालाही आहे. त्याचा अर्थ काय?

ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे अर्क काढायचं भांडं. अरबी ‘अल-अन्बीक़’, त्याच्या आत ग्रीक ‘अँबिक्स’. हे यंत्र तीन भागांचं असतं. खाली पदार्थ उकळायचं पोटफुगं भांडं, त्याला लॅटिनमध्ये ‘कुकुर्बिता’ म्हणत, म्हणजे भोपळा. वर टोपी, जिच्या आतल्या थंड भिंतीवर वाफ पाणी होऊन चिकटते. टोपीला खाली उतरती चोच, आणि चोचीखाली अर्क झेलायचं पात्र. ‘अँबिक्स’ हे नाव आधी फक्त टोपीचं होतं, नंतर साऱ्या यंत्राला लागलं. टोपी तापली की वाफ न गोठता सुटून जाते आणि अर्क हाती लागत नाही, म्हणून टोपीवर ओलं फडकं ठेवायची पद्धत होती.

अलेम्बिक केमिकल वर्क्स बडोद्यात १९०७ साली सुरू झालं ते टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेले औषधी अर्क, आणि अल्कोहोल बनवायला. म्हणजे नाव शोभेचं नव्हतं, कारखान्यात खरोखर जे चालायचं त्याचंच होतं. त्याच्या उभारणीत त्रिभुवनदास गज्जर होते, ज्यांच्या हाताखाली सयाजीराव महाराजांचं कलाभवन १८९० साली उभं राहिलं.

४. ‘गुलाब’ आणि ‘जुलाब’ यांचा काही संबंध आहे का, की नुसतं यमक?

संबंध आहे, आणि तो ऐकून लोक हमखास हसतात. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे मुळात गुलाबपाणी. फुलाला ते नाव नंतर चिकटलं. अरबीत ‘ग’ नाही म्हणून तिथे ‘जुलाब’ झालं. हकीम कडू रेचक या गोड सुवासिक पाकातून देत. हळूहळू पाकाचं नाव रेचकाला लागलं आणि मराठीत तर रेचकाच्या परिणामालाही. इंग्रजांनी तोच शब्द ‘जूलेप’ करून थंड पेयाला वापरला.

असंच दुसरं कुटुंब अरबी ‘शरिबा’ म्हणजे ‘प्याला’ या क्रियापदाचं. सरबत, शराब आणि खोकल्याचं सिरप ही तिघंही सख्खी भावंडं. सिरप लॅटिनमधून फिरून आलं, बाकीची दोन फारसीतून सरळ.

५. एखादं रोजचं नाव पूर्ण फोडून दाखवाल का? उदाहरणार्थ पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉल हे ‘पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनोफेनॉल’ या लांबलचक नावातली अक्षरं वेचून केलेलं आहे.

‘पॅरा’ ग्रीक, अर्थ ‘शेजारी, पलीकडे’. रसायनशास्त्रात बेंझिनच्या षट्कोनी कड्यावर दोन गट समोरासमोर बसले की पॅरा म्हणतात. ‘अ‍ॅसिट’ हे लॅटिन ‘अ‍ॅसिटम’, म्हणजे व्हिनेगर. ‘अ‍ॅम’ हे अमिनोचं, अमिनो अमोनियाचं, आणि अमोनिया आमून या इजिप्तच्या देवाचा (प्रश्न ६ पाहा). शेवटचं ‘ऑल’ हे अल्कोहोलच्या कुळातली खूण, म्हणजे पुन्हा अरबी सुरमा. मधलं ‘फेन’ पॅरासिटामॉल म्हणताना गळून गेलं आहे, पण याच औषधाच्या अमेरिकी नावात, अ‍ॅसिटामिनोफेनमध्ये, ते शाबूत आहे. ते ग्रीक ‘फाइनो’वरून, म्हणजे ‘मी उजळतो’. कारण १८२५ साली फॅरेडेला बेंझिन सापडलं ते दिव्यांसाठी वापरायच्या गॅसच्या गाळात.

ग्रीक, लॅटिन, इजिप्शियन आणि अरबी अशा चार भाषा तापाच्या एका गोळीत. दोन नावांमुळे होणारा घोटाळा मात्र जिवावर बेततो: परदेशातून आणलेलं अ‍ॅसिटामिनोफेन आणि इथलं पॅरासिटामॉल वेगळं समजून दोन्ही घेतलं की मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा पोचते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं, तेव्हा पट्टीची मागची बाजू वाचा.

६. नवसागर म्हणजे ‘नऊ सागर’ का?

नाही. फारसीत या क्षाराला ‘नौशादर’ म्हणतात. रसशास्त्राच्या ग्रंथांत तो ‘नवसादर’ झाला, आणि मराठी कानाला ‘सादर’पेक्षा ‘सागर’ जवळचा वाटला. गुजरातीत तोच नवसार.

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धुराचा लोट उठतो आणि नाकाला झोंबतो. तापल्यावर नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. आम्ल तांब्या-पितळेवरची काळी कीट खातं आणि कथील उघड्या धातूला धरतं. नवसागर कमी पडला किंवा भांडं नीट तापलं नाही तर कल्हई डागाडागांनी बसते. युरोपात याच क्षाराला ‘साल अमोनियाक’ म्हणत, म्हणजे आमूनचं मीठ, कारण त्या नावाचं मीठ लिबियाच्या वाळवंटातल्या आमूनच्या देवळाच्या आसपासचं मानलं जाई. १७८२ साली बर्गमननं त्यावरून वायूला अमोनिया नाव दिलं. तिथून ‘अमाइन’, आणि अमाइनवरून १९१२ साली फुंकनं जीवनावश्यक अमाइन म्हणून ‘व्हिटामाइन’ हा शब्द घडवला. सगळी जीवनसत्त्वं अमाइन नसतात हे कळल्यावर १९२० साली त्याचं शेपूट छाटून ‘व्हिटामिन’ केलं.

जाता जाता: ‘कल्हई’ हा शब्द अरबीतल्या कथलाच्या नावावरून आला आहे. अल्कलीतला ‘क़ली’ निराळा.

७. अशी फसवी मराठी नावं आणखी कोणती?

ज्येष्ठमध. त्यात ज्येष्ठ कोणी नाही. संस्कृत ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी, तिचं ते रूप. ग्रीकांनीही त्याच मुळीला ‘ग्लिकिस’ म्हणजे गोड आणि ‘ऱ्हायझा’ म्हणजे मूळ मिळून नाव दिलं, त्यावरून तिच्यातल्या द्रव्याचं नाव ग्लिसिरायझिन. दोन भाषांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली. हे द्रव्य रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, तेव्हा गोड काठी फार चघळू नये.

दुसरं इसबगोल. ‘इसबावर लावायचं का’ असं खरोखर विचारलं जातं. इसब या त्वचारोगाशी त्याचा काही संबंध नाही. फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा, ‘ग़ोल’ म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखं दिसतं. हा ‘अस्प’ आणि आपला ‘अश्व’ एकाच मुळाचे. गुजरातीत त्याचं ‘इसबगुल’ करून त्यात फूल घातलं गेलं. औषधकोशातलं नाव ‘इस्पाघुला’, आणि परदेशी डब्यावरचं ‘सिलियम’ हे ग्रीक पिसवेवरून. माल एकच, तो उत्तर गुजरातेत ऊंझा-सिद्धपूरच्या बाजूला सोलला जातो. घेताना चमचाभर भुशी मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावी. कोरडी गिळली तर घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते.

८. साखर, खांड आणि सॅकरिन: नात्यात कोण कोणाचं?

संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडी, रेतीचे कण. आयुर्वेदात लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलं आहे. प्राकृतात ‘सक्करा’, मराठीत साखर, फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, इंग्रजीत ‘शुगर’. ग्रीकांनी ‘साख़ारॉन’ केलं आणि त्यावरून १८७९ साली सापडलेल्या, साखरेचा कणही नसलेल्या पदार्थाला सॅकरिन नाव मिळालं. जुलाबात देतात त्या सॅकरोमायसिस बोलार्डीच्या पुडीचं नाव म्हणजे ‘साखरेची बुरशी’. ते यीस्ट आहे. दुसरा शब्द ‘खंड’, तुकडा. तो गुजरातीत खांड राहिला आणि फारसी ‘क़ंद’मधून इंग्रजीत ‘कँडी’ झाला. दांडिया बाजारातल्या मराठी घरात ‘साखर’ आणि शेजारच्या गुजराती घरात ‘खांड’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द जग फिरून आले आहेत.

९. पिपरॅसिलिन इंजेक्शनात पिंपळी असते का?

वनस्पती नाही, शब्द आहे. संस्कृत ‘पिप्पली’चं ग्रीकांनी ‘पेपेरि’ केलं, रोमनांनी ‘पिपेर’. नाव लांब पिंपळीचं, पण ते मिऱ्यांनाही लागलं. १८१९ साली अर्स्टेडनं मिऱ्यांतून पिपरीन वेगळं केलं. पिपरीनपासून पिपरिडीन मिळालं. त्याच्यासारख्या दुसऱ्या कड्याला पिपराझिन म्हटलं, जे एके काळी जंतांवरचं नेहमीचं औषध होतं. पिपरॅसिलिनच्या रेणूत हे पिपराझिनचं कडं आहे, म्हणून नावात ‘पिपर’. मागचं ‘सिलिन’ पेनिसिलिनच्या घराण्याची खूण. पेनिसिलियम बुरशीचं नाव लॅटिनमधल्या कुंचल्यावरून पडलं, कारण तिची टोकं कुंचल्यासारखी दिसतात.

१०. गांधीच्या दुकानात मराठी यादी नेली तर काय मागायचं?

इथे शब्दांच्या गमतीपेक्षा जपणूक महत्त्वाची. तुरटी मागायची तर गुजरातीत फटकडी म्हणा. तो शब्द ‘स्फटिक’वरून आला. टाकणखार म्हणजे टंकणखार, संस्कृत ‘टंकण’. तोच मलायमार्गे इंग्रजीत ‘टिंकल’ झाला. बोरॅक्स हे त्याच पदार्थाचं अरबी ‘बौरक़’वरून आलेलं नाव. एरंडेल म्हणजे दिवेल, सोनामुखी म्हणजे मींढी आवळ. मराठी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, गुजरातीत सुरोखार.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, गुजरातीत मोरथूथू. इथे गुजरातीनं मूळ शब्द जास्त चांगला जपला आहे: संस्कृत ‘मयूरतुत्थ’, मोराच्या गळ्याच्या निळ्या रंगाचं तुत्थ. हेच ‘तुत्थ’ अरबी-फारसीत ‘तूतिया’ होऊन युरोपात ‘टटी’ या नावानं डोळ्यांच्या औषधात गेलं, पण तिथे तो पदार्थ जस्ताचा होता, तांब्याचा नव्हे. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकघरात ठेवू नये.

पापडखार आणि सुरोखार दोन्ही पांढरे, दोन्ही ‘खार’. पुडीवर नाव नसेल तर चव पाहू नका. चिमूटभर बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. पापडखार फसफसतो, कारण तो कार्बोनेट आहे. सुरोखार आणि टंकणखार गप्प बसतात. फसफसला नाही तर तो खाण्यात घालायचा नाही.

११. हरताळ फासणं आणि हरताळ पाळणं यांत एकच हरताळ आहे का?

नाही. फासतात तो हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड. पोथ्या लिहिताना चुकलेल्या अक्षरावर तो फासून वर पुन्हा लिहीत, म्हणून कशावर तरी हरताळ फासणं म्हणजे ते रद्द करणं. पाळतात तो हरताळ म्हणजे ‘हाट’ला ‘ताळा’, बाजाराला कुलूप, गुजरातीतली हडताळ. पोथीतल्या पिवळ्या पट्ट्यांना बोट लावून ते तोंडाला लावू नये, हे वेगळं सांगायला नको.

‘आर्सेनिक’ हे नावही या पिवळ्या खनिजाचंच. फारसी ‘ज़र्नीख़’, त्यात ‘ज़र’ म्हणजे सोनं. आपलं ‘हिरण्य’ त्याच मुळातलं. ग्रीकांनी त्याचं ‘आर्सेनिकॉन’ केलं, कारण त्यांच्या भाषेत ‘आर्सेनिकॉस’ म्हणजे मर्दानी हा शब्द आधीच होता. आपण नौशादरचा सागर केला तशीच ही चाल. विष म्हणून बदनाम असलेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपला सोमल, आज एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगावर रुग्णालयात दिलं जातं.

१२. रक्ताच्या रिपोर्टात सोडियमला ‘एनए’ आणि पोटॅशियमला ‘के’ का लिहितात?

चिन्हं ‘नेट्रियम’ आणि ‘कॅलियम’ या लॅटिन धाटणीच्या नावांची आहेत. कॅलियम म्हणजे प्रश्न १ मधली अल्कली. नेट्रियम म्हणजे नेट्रॉन, इजिप्तच्या सरोवरांकाठी मिळणारा सोडा, ज्यात मृतदेह सुकवून ममी करत. म्हणून डॉक्टर सोडियम कमी झालं की ‘हायपोनेट्रेमिया’ आणि पोटॅशियम कमी झालं की ‘हायपोकॅलेमिया’ म्हणतात. दोन शब्द ऐकताना गोंधळ झाला तर ‘नेट’ला सोडियम आणि ‘कॅल’ला पोटॅशियम हे धरून ठेवा. फक्त ‘हायपोकॅल्सेमिया’मध्ये ‘स’ आला की ते कॅल्शियम.

आता खरी गंमत. ग्रीक ‘निट्रॉन’ही तोच सोडा. पुढे हे नाव सोऱ्याकडे सरकलं. सोऱ्यातून मिळणाऱ्या मूलद्रव्याला १७९० साली शाप्तालनं ‘नायट्रोजन’ म्हटलं आणि मराठीनं त्याचा ‘नत्र’ केला. त्यामुळे खताच्या गोणीवरचं नत्र आणि रिपोर्टातलं ‘एनए’ ही एकाच शब्दाची दोन मुलं आहेत, पदार्थ मात्र पूर्ण वेगळे.

१३. अफूला संस्कृतात ‘अहिफेन’ म्हणतात. म्हणजे शब्द आपला ना?

उलट. ग्रीक ‘ओपोस’ म्हणजे चीक, ‘ओपिऑन’ म्हणजे बोंडाचा चीक. अरबीत ‘अफ़यून’. तो शब्द इथे आल्यावर पंडितांनी त्याला ‘अहि’ म्हणजे साप आणि ‘फेन’ म्हणजे फेस असा संस्कृत पोशाख चढवला. चरक-सुश्रुतांत अफू नाही, ती मध्ययुगीन ग्रंथांत दिसू लागते. मराठी अफू आणि गुजराती अफीण यांनी परदेशी रूप जवळजवळ तसंच ठेवलं आहे. मॉर्फिनचं नाव ग्रीकांच्या स्वप्नदेवावरून, मॉर्फियसवरून. कोडीनचं ‘कोडिया’ म्हणजे खसखशीच्या बोंडावरून.

१४. ‘सल्फर’ हा शब्द संस्कृत ‘शुल्बारि’वरून आला, असं सगळीकडे फिरतंय. खरं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. शुल्ब म्हणजे तांबं, अरि म्हणजे शत्रू, गंधक तांब्याला काळं करतं. अर्थ सुरेख जुळतो, म्हणूनच शंका घ्यायची. जुन्या लॅटिनमध्ये शब्द ‘सल्पुर’ आहे, त्यातला ‘फ’ पुढचा. ‘ब’ आणि ‘आरि’ कुठे गेले, मधल्या कोणत्या भाषेतून शब्द गेला, याची एकही पायरी दाखवता येत नाही. साखर आणि पिंपळीच्या बाबतीत प्रत्येक टप्पा दाखवता येतो. तो फरक.

संस्कृतशी लॅटिन-ग्रीकचं नातं आहे, पण ते बहुतेक वेळा चुलत्यांचं आहे, बापलेकीचं नव्हे. सर्पगंधेतलं रिसर्पिन हे १९५२ साली वेगळं केलेलं औषध, त्याचं नाव सर्पगंधेच्या ‘सर्पेंटिना’ या लॅटिन नावावरून आलं. लॅटिन ‘सर्पेन्स’ आणि संस्कृत ‘सर्प’ एका आजीची नातवंडं. त्याच मुळीतलं अज्मलिन मात्र हकीम अजमल खान यांच्या नावाचं, ते रसायनशास्त्रज्ञ सिद्दिकींनी १९३१ साली ठेवलं.

रसायनशास्त्रात थेट संस्कृत शिरलं ते मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलेएवच्या हातून. १८७१ साली त्यानं न सापडलेल्या मूलद्रव्यांना एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन म्हटलं, ‘एक’ म्हणजे एक घर पुढे. ती पुढे गॅलियम, स्कँडियम आणि जर्मेनियम म्हणून सापडली.

१५. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे. ‘सल्फ’ किंवा ‘थायो’ असलेलं सगळंच टाळायचं का?

‘थायो’ हे ग्रीक ‘थेइऑन’, म्हणजे गंधकच. पण अ‍ॅलर्जी गंधकाला नसते, सल्फोनामाइड जातीच्या विशिष्ट औषधांना असते. लोहाच्या गोळीतलं फेरस सल्फेट, मीठवजा मॅग्नेशियम सल्फेट किंवा थायमिन जीवनसत्त्व यांचा त्या अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. काही लघवीवाढीच्या गोळ्या रचनेनं सल्फोनामाइडच्या जवळच्या आहेत आणि त्यांच्या नावात ‘सल्फ’ नाही. म्हणून नाव वाचून निर्णय घेऊ नका, कोणत्या औषधानं काय झालं ते डॉक्टरांना नेमकं सांगा.

या कुळातलं एक सुरुवातीचं औषध सल्फानिलामाइड. मधलं ‘अनिल’ वाऱ्याचं नव्हे, निळीचं. संस्कृत ‘नील’, अरबी ‘अन-नील’, पोर्तुगीज ‘अनिल’. १८४० साली फ्रित्शनं नीळ तापवून जे तेल काढलं त्याला अ‍ॅनिलिन नाव पडलं. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ एके काळी युरोपात जायची. तिच्या नावाचा तुकडा जंतुनाशक गोळीत परत आला.

१६. कोयनेल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचं नातं आहे म्हणतात, ते कसं?

जुन्या मराठीतलं कोयनेल म्हणजे हिवतापावरचं क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत ‘किना’ म्हणजे साल. क्विनीन अल्कलीबरोबर तापवून क्विनोलिन मिळालं, त्या कड्यावरून क्विनोलोन हे नाव, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक क्विनोलोन आहे. पण ते हिवतापावर चालत नाही.

१७. नावातला तुकडा सरळ फसवतो, असं कुठे होतं?

कोकोतल्या थिओब्रोमिनमध्ये ब्रोमिन नाही. ‘थिओस’ देव, ‘ब्रोमा’ अन्न. ब्रोमिन हे ‘ब्रोमॉस’ म्हणजे दुर्गंधीवरून. क्लोरोफिलमध्ये क्लोरिन नाही. दोघांत फक्त ‘क्लोरॉस’, म्हणजे फिकट हिरवा रंग. क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये मात्र क्लोरिन खरंच आहे. मस्करिनचा कस्तुरीशी संबंध नाही, ते लॅटिन ‘मुस्का’ म्हणजे माशीवरून. माशा मारायला वापरायच्या कवकातलं ते विष. लॅक्टिक आम्ल दुधाचं, लाखेचं नाही.

१८. शेवटच्या अक्षरांवरून औषधाची जात ओळखता येते का?

बरीचशी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ सालापासून जेनेरिक नावांच्या, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या स्वतःच्या नावांच्या, याद्या काढल्या आणि त्यांत शेपटं ठरवून दिली. पण शेपूट पूर्ण वाचावं लागतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल पित्तावरची. अ‍ॅरिपिप्राझोल मानसिक आजारावरचं, कारण त्याचं शेपूट ‘पिप्राझोल’ आहे आणि तो ‘पिप’ प्रश्न ९ मधल्या पिंपळीचा. कोलेस्टेरॉलवरच्या गोळ्यांचं शेपूट ‘वास्टॅटिन’ आहे, नुसतं ‘स्टॅटिन’ नव्हे. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध न्यूयॉर्क स्टेटच्या नावाचं आहे.

‘मायसिन’ची अडचण मराठीत जास्त. स्ट्रेप्टोमायसिनसारखी स्ट्रेप्टोमायसिस जंतूंपासूनची औषधं आणि जेंटामायसिनसारखी मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्या जातीच्या जंतूंपासूनची, यांच्या इंग्रजी नावात एका अक्षराचा फरक मुद्दाम ठेवला आहे. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात आणि ती खूण पुसली जाते. व्हँकोमायसिनमधला ‘व्हँक’ तर प्राचीनही नाही, ‘जिंकणे’ या इंग्रजी क्रियापदातून घेतला आहे.

१९. एखाद्या नावाचं मूळ घरी बसून शोधायचं तर कसं?

पट्टीवरचं ठळक व्यापारी नाव सोडा, कंपन्या ते मनाला येईल तसं ठेवतात. जेनेरिक नाव लिहून घ्या. आधी शेपूट तोडा (प्रश्न १८), मग पुढचे ओळखीचे तुकडे: क्लोर, थायो, अ‍ॅसिट, अ‍ॅम. उरलेला तुकडा वनस्पतीचा, खनिजाचा, गावाचा की माणसाचा, ते औषध कशातून निघालं यावरून पाहा. नंतर त्या शब्दाचं सर्वांत जुनं रूप आणि मधल्या भाषा शोधा. दोन शब्द सारखे ऐकू आले, पण मधली पायरी सापडत नसेल, तर नातं धरू नका.

अडुळशावर हे करून पाहा. संस्कृत ‘वासक’वरून त्यातल्या द्रव्याचं नाव व्हॅसिसिन, इथवर साखळी सरळ आहे. व्हॅसिसिनच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच्यापासून शरीरात बनणारं अँब्रोक्सॉल. कफाच्या सिरपवर हल्ली हीच दोन नावं दिसतात. पण त्यांतला ‘ब्रोम’ ब्रोमिनचा आणि ‘हेक्स’ षट्कोनी कड्याचा. वासक नावातून पुसला गेला आहे. रेणूत तेवढी त्याची घडण शिल्लक आहे.